लॉर्नच्या रिंकवरचा खड्डा

१

त्या गुरुवारी हॉलमधली कॉफी उशिरा झाली. पॉप्लर बेंडमध्ये बर्फाचं वादळ आलं, वीज गेली, नदी गोठली तरी कुणी हूं की चूं करत नाही. पण गुरुवारची म्हाताऱ्यांची कॉफी उशिरा म्हणजे अगदी आभाळ कोसळल्यासारखं!

डॉरीन ओलिनिक कॉफीच्या बंबासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. बंब तिने आदल्या संध्याकाळी स्वतः भरला होता. पहाटे तो आपोआप पेटतो आणि ती हॉल उघडते तोवर खदखदत असतो, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आज मात्र तोटी सोडली तर पाणी जेमतेम कोमट.

"डॉरीन, आज काय थंड सरबत का?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"गप्प बसा, नाहीतर तेच पाजीन!" डॉरीन म्हणाली.

डॉरीनला ओळखत नाही असा माणूस आमच्या जिल्ह्यात सापडणार नाही. निवृत्त होईपर्यंत ती विमा कंपनीसाठी गारपिटीचे दावे तपासत असे. गारांनी झोपलेला गहू कोणता आणि शेजारच्या गाईंनी तुडवून गारांच्या नावावर घातलेला कोणता, हे तिला बांधावरून कळायचं. शेतकरी तिला चहा पाजायचे, केक खिलवायचे आणि मनातून टरकून असायचे.

तेवढ्यात हॉलचं दार धाडकन उघडलं. बाहेरच्या उणे पंचवीसच्या वाऱ्याबरोबर लॉर्न पेल्टिये आत आला. टोपी हातात, कान लालबुंद.

"डॉरीन," तो म्हणाला, "चल. माझ्या रिंकचा कुणीतरी जीव घेतला गं."

२

हॉलच्या मागे पार्क, पार्कमधून स्कीची वाट, आणि वाटेपलीकडे लॉर्नची रिंक, म्हणजे पात्यांचे स्केट्स घालून घसरायचं बर्फाचं मैदान. कागदोपत्री ती नगरपालिकेची. पण दर हिवाळ्यात गवतावर नळीने थर थर पाणी सोडून, काचेसारखा बर्फ लॉर्नच बनवायचा. लग्न नाही, मूल नाही, कुत्रंसुद्धा नाही. रिंकच्या खोपटाची किल्ली गळ्यात अडकवलेली, आणि गावातल्या सगळ्या पोरांची नावं तोंडपाठ. एवढा त्याचा संसार.

त्या संसाराला कोपऱ्यात, लाकडी फळ्यांना लागून भोक पडलं होतं. ट्रॅक्टरच्या चाकाएवढं, पार खालचं पिवळं गवत दिसेल इतकं खोल. वितळलेलं पाणी फळ्यांखालून उताराला पळालं होतं.

खड्ड्याशी दोन माणसं आधीच हजर होती. एक नगरपालिकेची रोंडा फाइफ, पार्क आणि खेळ खात्याची प्रमुख. वर्षभरापूर्वी समुद्राकाठच्या गावाहून बदलून आलेली, हसायला पैसे पडत असावेत अशी. दुसरा मर्व हॉगन. त्याला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळ्यांचा तो 'कोच'. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्याच्या आरडाओरड्यावर बर्फावरची हॉकी शिकली. तरुणपणी पूर्वेकडे कुठल्याशा मोठ्या संघात खेळायचा म्हणे. मग गुडघा गेला, तेव्हापासून कायम साधे बूट घालून फळ्यांच्या बाहेर. आत्ता तो खड्ड्याच्या काठावर एक गुडघा टेकून आत वाकून बघत होता.

"लॉर्न, हे नळी चालू राहिल्याचं लक्षण आहे," रोंडा म्हणाली. "तुम्ही काल रात्री पाणी सोडलंत आणि बंद करायला विसरलात."

"विसरलो? मी?" लॉर्नचा आवाज चिरकला. "अगं पोरी, मी माझा वाढदिवस विसरेन!"

"शनिवारी हिवाळी जत्रा. ह्याच बर्फावर स्केट्स घालून कोचच्या मानाची पहिली फेरी. सगळं गाव मागून येणार. एखादं मूल ह्यात पडलं असतं तर? नगरपालिकेचा नियम साफ आहे. स्वयंसेवकाचा हलगर्जीपणा ठरला तर रिंक बंद, ह्या वर्षी आणि पुढेही."

"माझ्या फेरीचं सोडा हो," कोच पुटपुटला आणि झटकन उठून उभा राहिला. "तसाही माझा गुडघा..."

"एकच तर फेरी आहे, कोच. समितीने ठरवलंय." रोंडा लॉर्नकडे वळली. "उद्या दुपारी हॉलमध्ये बैठक आहे. तोवर दुसरं कारण सापडलं नाही, तर तुमच्या गळ्यातली ती किल्ली मला द्यावी लागेल."

लॉर्नने किल्ली मुठीत धरली. डॉरीनने त्याच्याकडे पाहिलं. ह्या माणसाकडून ही किल्ली काढून घेतली तर हिवाळाभर तो करणार काय?

"उद्या दुपारपर्यंत ना?" ती म्हणाली. "बघू की मग."

३

ती दोघं गेल्यावर डॉरीन बर्फावर चक्क पालथी पडली. शेतात ती अशीच पडायची. नुकसान उभ्याने दिसत नाही म्हणायची.

"नळी कुठाय तुझी?"

"खोपटात. गुंडाळून, हीटरपाशी."

डॉरीनने जाऊन हात लावला. नळी मऊ होती, चांगली वेटोळी घातलेली. रात्रभर बाहेर पाणी सोडून पडली असती तर तिचा दगडी दांडा झाला असता, गुंडाळायची गोष्टच सोडा. नळी निर्दोष होती. पण रोंडा म्हणणार, पहाटे आणून सुकवली.

खड्ड्याच्या काठी मात्र मजा होती. बर्फात बारीक बारीक टोचे होते, पाईच्या कणकेला काट्याने टोचावं तसे. शिवाय समांतर ओरखड्यांच्या जोड्या, वेड्यावाकड्या, अख्ख्या कोपऱ्यात. आणि खड्ड्याच्या तळाशी गोठलेलं उरलंसुरलं पाणी किंचित तपकिरी.

"मातीचा रंग असेल," लॉर्न म्हणाला.

"असेल," डॉरीन म्हणाली. तिने तिथला एक तुकडा फोडून हातमोज्यात टाकला.

तेवढ्यात वाटेवरून शिव्यांची सरबत्ती ऐकू आली. आर्विड लुंड येत होता. स्कीची वाट आखण्याचं काम त्याचं. यंत्र फिरवून तो बर्फात दोन सरळ चर पाडतो, आणि त्या चरांवर कुणी बुटाने पाऊल ठेवलं तर त्या माणसाशी तो वर्षभर बोलत नाही. लॉर्नशी तर तो नाताळपासून बोलत नव्हता, कारण लॉर्नने रिंकवरचा बर्फ ओढून त्याच्या वाटेवर टाकला होता.

"डॉरीन, ह्याला सांग," लॉर्नकडे बोट दाखवून आर्विड गरजला, "बुटाने तुडवलीय माझी वाट! वरून घसरगाडी ओढलीय! हॉलपासून इथपर्यंत! भर चर्चमध्ये थुंकावं तसं आहे हे!"

"मी नाही ओढली!" लॉर्न ओरडला.

"मग काय नदीतल्या बीव्हरने ओढली?"

"आर्विड," डॉरीन शांतपणे म्हणाली, "लॉर्नवर तुझा राग आहे. त्याची रिंक फुटली तर तुला बरंच वाटेल, नाही का?"

आर्विडचा जबडा खाली पडला. मग तो हळूच म्हणाला, "वाटलं असतं. पण लॉर्नच्या रिंकला उकळतं पाणी पाजीन, असं भर सभेत म्हणालेलं माणूस वेगळंच आहे. विचार जा त्या ग्लॅडिसला."

४

ग्लॅडिस पिंडर ऐंशी ओलांडलेल्या. घर रिंकला लागून. फळ्यांवर हॉकीची चकती, तो पक, आदळला की त्यांच्या कपाटातल्या बशा वाजतात, अशी त्यांची तक्रार नगरपालिकेत दर महिन्याला ठरलेली.

"म्हणाले होते!" त्यांनी दारातच कबूल केलं. "अख्खी किटली ओतीन म्हणाले होते. आणि पुन्हा म्हणेन. ये आत, बटर टार्ट खा."

"ग्लॅडिसबाई, मग ओतलंत का?"

"ह्या कमरेने? अगं, मी टपालपेटीपर्यंत गेले तरी बातमी होते. आणि माझी किटली बघ, दोन कपांची. त्या रिंकला गुळणीलासुद्धा पुरायची नाही."

डॉरीन हसली. टार्ट झकास होता. "आज पहाटे काही ऐकलंत?"

"तेच तर सांगायचं होतं! पकचा आवाज नाही, पोरांचा नाही. नुसतं खर्रर्र, खर्रर्र. कुणी घर बदलताना सामान ओढावं तसं. मग धप्प! मग एक पुरुष म्हणाला, 'अरे देवा.' पुन्हा खर्रर्र. पुन्हा धप्प. मध्येच फुस्स असा आवाज, वाफेसारखा. आणि 'अरे देवा, अरे देवा, अरे देवा.' मी म्हटलं, प्रार्थना करतोय की काय कुणी!"

"आवाज ओळखीचा होता?"

"मोठ्याने बोलला असता तर ओळखला असता. हळूच बोलत होता. त्या माणसाला हळू बोलायची सवय नसावी, असं वाटलं."

डॉरीनचा हात टार्टवरच थांबला.

५

हॉलच्या स्वयंपाकघरात येऊन तिने हातमोज्यातला, निम्मा विरघळलेला बर्फाचा तुकडा काढला आणि सरळ तोंडात घातला. लॉर्न बघतच राहिला.

"काय करतेयस बाई! कुत्री फिरतात तिथे!"

"कॉफी आहे," डॉरीन चोखत म्हणाली. "शिळी, पातळ, बंबाच्या बुडाला बसलेली. चव माझ्याच कॉफीची."

मग सगळं धडाधड जागेवर बसू लागलं. पहाटे बंब खदखदत होता. कुणीतरी तो उचलून घसरगाडीवर ठेवला, सगळ्यात जवळच्या रस्त्याने, म्हणजे आर्विडच्या वाटेवरून, रिंकवर नेला आणि कोपऱ्यात ओतला. परत आणून गार पाणी भरून ठेवलं, कुणाला कळू नये म्हणून. म्हणून तर कॉफी उशिरा झाली.

पण का? 'गरम पाण्याने बर्फ गुळगुळीत होतो' हे आमच्या गावात जन्मलेलं पोर दूध पितानाच शिकतं. म्हणजे रिंक बिघडवायला नव्हे, सुधारायला ओतलं! खाच पडली असणार, ती भरायला. मात्र ज्याने आयुष्यात एकदा तरी रिंक बनवली आहे, त्याला ठाऊक असतं की ते पाणी फडक्याने पातळ पसरायचं. एका जागी बंब ओतला तर बर्फाची आमटी होते.

डॉरीन कोपऱ्यातल्या पेटाऱ्याकडे गेली. गावाने देऊन टाकलेले जुने स्केट्स त्यात असतात, ज्याला हवे त्याने न्यावेत. वरच एक काळी पुरुषी जोडी होती. इतरांवर धूळ, ही ओली. हॉकीची नव्हे, बर्फावर नाचणाऱ्यांची. त्या पात्यांना पुढे, बोटांपाशी दातेरी करवत असते. नवख्याचा पाय हमखास तिथेच अडकतो.

"टोचे," ती स्वतःशीच म्हणाली. मग भिंतीशी रचलेल्या लाकडी खुर्च्या तिने एकेक उलटून पाहिल्या. एकीच्या पायांना अजून ओल होती.

लहान पोरं चालायला लागली की आमच्याकडे त्यांना बर्फावर खुर्ची ढकलायला देतात. खुर्ची धरून धरून पोर स्केटिंग शिकतं. पण ह्या पेटाऱ्यातली ती जोडी पोराची नव्हती. मोठ्या, भल्यामोठ्या पायाची होती. गावात जन्म गेलेला, सगळ्यांनी आपला म्हटलेला, हॉलची किल्ली असलेला एक जाणता पुरुष, ज्याला स्केटिंगच येत नाही! डॉरीन हे मोठ्यानेच बोलली.

"असा माणूस आपल्यात आहेच कुठे?" लॉर्न म्हणाला.

डॉरीनच्या डोळ्यांसमोर सकाळचं दृश्य आलं. खड्ड्याच्या काठावर टेकलेला, वर्षानुवर्षं निकामी असलेला तो गुडघा. किती सहज टेकला होता, आणि किती झटकन उठला होता. गावातल्या एकूण एक लग्नात तोच गुडघा पहाटेपर्यंत पोल्का नाचतो की!

"अरे देवा," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

"कोण? कोण गं?"

नाव घ्यावं तर एका माणसाची गावातली अख्खी इभ्रत जाते. न घ्यावं तर लॉर्नची रिंक जाते. गारपिटीच्या दाव्यात असला पेच तिला कधी पडला नव्हता.

६

शुक्रवारी दुपारी हॉल भरला. पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळल्याचा वास दरवळत होता, तरी कुणी ताटाकडे बघेना. रोंडा टेबलामागे. लॉर्न समोर, हात गळ्यातल्या किल्लीवर. कोच मागे भिंतीला टेकून उभा.

डॉरीनने नळी सांगितली, कॉफी सांगितली, घसरगाडी सांगितली.

"आता हे केलं कुणी?" ती म्हणाली. "ग्लॅडिसबाईंकडे हॉलची किल्ली नाही, आणि बंब त्यांच्यापेक्षा जड. आर्विड? तो स्वतःच्या वाटेवर बूट ठेवण्याआधी पाय कापून देईल."

"देईन!" आर्विड ओरडला. हॉलमध्ये हशा पिकला.

"लॉर्न? त्याच्याकडे नळी आहे, तो बंब कशाला ओढेल? आणि एका जागी गरम पाणी तो ओतेल, तर मी माझी टोपी खाईन. हे काम वाईट माणसाचं नाही. खाच भरावी, लॉर्नला त्रास नको, म्हणून केलेलं आहे. ज्याने केलं त्याला बर्फावर उभं राहता येत नाही, एवढंच. तो खुर्ची धरून शिकत होता."

रोंडा खुर्चीतून पुढे झुकली.

"कोण आहे तो?" रोंडाने विचारलं.

"त्याचं नाव मला ठाऊक आहे," डॉरीन म्हणाली, "पण मी सांगणार नाही. ते माझं नाही, त्याचं आहे."

डॉरीन मुद्दाम भिंतीकडे बघत नव्हती. रोंडाने उसासा टाकला आणि लॉर्नपुढे हात केला. "मला वाईट वाटतं. नावाशिवाय मी वर काय सांगू? किल्ली, लॉर्न."

लॉर्नने दोरी मानेवरून काढली. ती त्याच्या टोपीत अडकली, ती सोडवताना त्याची बोटं चुकत होती. किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"ठेव ती किल्ली गळ्यात!" मागून कोच गरजला, पोरांवर गरजायचा तसाच. मग आवाज एकदम उतरला. "ठेव, लॉर्न. तो गाढव मी आहे."

माना गर्रकन वळल्या.

"मी पूर्वेकडे कधी खेळलो नाही," कोच म्हणाला. "खेळलो असं मी कधी म्हणालोही नाही. तुम्हीच म्हणालात. मी फक्त 'नाही' म्हणालो नाही. आम्ही पाच भाऊ, शेतावर. स्केट्सची जोडी एक. मी शेंडेफळ. माझ्यापर्यंत आली तोवर पाती झिजून गेली होती. खेळ मी रेडिओवर शिकलो, भिंतीला कान लावून. आणि सोमवारी तुम्ही ही मानाची फेरी काढलीत! दुकानात स्केट्स घ्यायला गेलो असतो तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून पेटाऱ्यातले घातले. खुर्चीसकट पडलो, बर्फाचा टवका उडाला. गरम पाणी ओतलं तर जितकं ओततोय तितकं खोल जातंय! काल रोंडा लॉर्नला बोलली तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभच उचलली नाही. लॉर्न, माफ कर मला."

लॉर्न त्याच्याकडे बघत राहिला. "अख्खा बंब?"

"अख्खा."

"अरे मूर्खा, मला विचारायचंस की रे!"

लॉर्नच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. मग सगळा हॉल हसला. पण ते हसू कोचला बोचणारं नव्हतं, आणि कोचलाही ते कळलं असावं, कारण त्याने भिंतीचा आधार सोडला.

रोंडाने किल्ली उचलली. ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिने स्वतः ती दोरी लॉर्नच्या गळ्यात घातली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आमच्या गावी हिवाळाभर पाऊस पडतो," ती एकदम म्हणाली. "बर्फ फक्त पेल्यात. मलाही येत नाही. मुलाखतीत मला कुणी विचारलंच नाही."

"खेळ खात्याच्या प्रमुखाला?" आर्विड किंचाळला.

"तू गप रे!" ग्लॅडिसबाई काठी आपटत म्हणाल्या. "तुला तरी कुठे येतं? स्कीवर उभा राहतो म्हणून कुणी विचारत नाही एवढंच. तुझी आई मला सगळं सांगायची."

आर्विडने पेरोगीच्या ताटात डोकं घातलं.

७

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लॉर्नने बर्फाचा चिखल थापून, पातळ पाणी फिरवून खड्डा असा बुजवला की डॉरीनलाही जागा सापडेना. शनिवारी ऊन पडलं होतं. सगळं गाव फळ्यांभोवती गोळा झालं.

कोच बर्फावर आला. एका बाजूने रोंडाने त्याचा दंड धरला होता; म्हणजे कोण कुणाला धरून होतं हे सांगणं कठीणच. मागे त्याची दोन पिढ्यांची पोरं, काही टक्कल पडलेली, काहींचे दात अजून यायचे. दोघं कशीबशी मध्यावर पोचली आणि मग व्हायचं ते झालं. कोच दाणकन आडवा.

कोच बर्फावर बसून राहिला, मान खाली. आयुष्यभर चुकवलेली घटका अख्ख्या गावासमोर आली होती.

मागून सगळ्यात चिमुरडी खेळाडू सरसरत आली, शिरस्त्राण डोळ्यांवर आलेलं. तिने कोचसमोर थांबून दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"लागलं का?"

"नाही," कोच म्हणाला.

"मग बसलाय काय, पेरोगी खायला? ऊठ!"

कोच दचकला; पडलेल्या पोरांवर तो रोज ओरडायचा ते त्याचंच वाक्य. मग त्याच्या खांद्यांना हसू फुटलं, इतकं की उठायला अजून वेळ लागला. लोक टाळ्या वाजवत होते, ग्लॅडिसबाई खिडकीतून बशी वाजवत होत्या. फळीपाशी उभ्या लॉर्नला मात्र त्यातलं काही ऐकू येत नसावं. त्याने डॉरीनला कोपराने ढोसलं.

"ती पोरगी बघितलीस? अशी तडतडी कॅप्टन पाहिजे. पुढच्या वर्षी बघ तू."

"पुढच्या वर्षी!" डॉरीन म्हणाली. हे दोन शब्द लॉर्नच्या तोंडून ऐकून तिला इतकं बरं वाटलं, की तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ती कॉफी बघायला हॉलकडे गेली.